आईचे संपूर्ण नाव

फॉर्म भरणे ही काही विद्या आहे, असे मला गेल्या वर्षापर्यंत कधी वाटले नव्हते. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी बसून मुलांचे अर्ज तपासतो, ‘इथे आडनाव आधी लिहायचे असते, बाळ’ असे दिवसातून पन्नास वेळा सांगतो, आणि घरी आल्यावर ‘आजकालच्या मुलांना स्वतःचे नावसुद्धा धड लिहिता येत नाही’ ही तक्रार चहाबरोबर बायकोला ऐकवतो. ती बिचारी मुकाट्याने ऐकून घेते. गेल्या पावसाळ्यात या तक्रारीची परतफेड झाली. आईच्या अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरायला मी बसलो, आणि ‘नाव’ या पहिल्याच प्रश्नाशी अडलो!

झाले होते असे, की माझ्या धाकट्या बहिणीला दिवस राहिले. ती तिकडे न्यू जर्सीत असते. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर ही बातमी घरात आली होती, तेव्हा तिचे मोल काही वेगळेच. एके रात्री तिचा फोन आला. “दादा, जानेवारीतली तारीख दिली आहे. आईला पाठव. तिला मी काडी उचलू देणार नाही. नुसती जवळ हवी आहे रे!” एरवी खणखणीत बोलणारी ही मुलगी शेवटच्या वाक्याला अडखळली. मी म्हटले, “पाठवतो.” म्हणायला काय जाते!

आईला तेव्हा त्र्याहत्तरावे लागले होते. बाबा जाऊन सहा वर्षे झाली. ते असताना दोघांनी हौसेने पासपोर्ट काढून ठेवले होते. बाबांचा तसाच राहिला. आईच्याही पासपोर्टवर अजून एक शिक्का उमटला नव्हता. तो घेऊन मी नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. ‘पॅन, आधार, पासपोर्ट, व्हिसा’ अशी त्याची पाटी आहे. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “सर, पासपोर्ट ठेवून जा. बाकीचं मी टाकतो.”

“बाकीचं म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या जन्मतारखा वगैरे. ठाऊक नसल्या तर एक जानेवारी टाकून देतो. सगळ्यांचं तसंच टाकतो.”

मराठीच्या मास्तराचा कान त्या ‘टाकतो’पाशी अडला. आमटीत मीठ टाकावे, पेटीत पत्र टाकावे. पण माणसाची जन्मतारीख ही काही टाकायची वस्तू नव्हे. ती सांगायची असते, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचे असते. मी पासपोर्ट खिशात घातला आणि घरी आलो.

त्या रविवारी जेवणे उरकून आम्ही तिघे टेबलाशी बसलो. आई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कागदांची पिशवी घेऊन बायको. या अर्जाला डीएस-१६० म्हणतात. तो संगणकावरच भरायचा आणि उत्तरे इंग्रजीत द्यायची. मध्येच उठून गेलात आणि वीसेक मिनिटे बोट हलले नाही, तर तो आपोआप बंद होतो. म्हणून सुरुवातीला मिळणारा अर्जाचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा आणि पान भरले की जपून ठेवण्याचे बटण दाबत पुढे जावे. पुन्हा उघडताना ओळख पटावी म्हणून एक खुणेचा प्रश्नही निवडून ठेवायचा असतो. त्या यादीतला एक प्रश्न होता, ‘तुमच्या आईच्या आईचे नाव काय?’

आई म्हणाली, “तिला सगळे काकूच म्हणायचे.” मग जरा थांबून तिने नाव सांगितले. माझ्या आजीचे नाव मला त्या दिवशी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा कळले. मी थोडा ओशाळलो, पण पुढे काय वाढून ठेवले आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

आता नावाचे पाहा. या अर्जाच्या लेखी माणसाच्या नावाचे तुकडे दोन : एक घराण्याचा, एक स्वतःचा. आपल्याकडे ते तीन. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आणि आडनाव. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. म्हणजे पुढच्या पिढीचे तुकडे चार! तीन माणसांना दोन पाटांवर बसवायचे कसे?

उत्तर सोपे आहे, पण ते आपल्या डोक्यात शोधायचे नाही, पासपोर्टात पाहायचे. तिथे आडनावाच्या मथळ्याखाली जे छापले असेल तेच आडनावाच्या चौकोनात लिहावे. खाली नावाच्या मथळ्याशी जे छापले असेल ते सारे, त्याच क्रमाने, दुसऱ्या चौकोनात लिहावे. बहुतेक मराठी पासपोर्टांत मधले नाव आपल्या नावाला जोडून तिथेच असते. माझ्या बहिणीच्या तिकडच्या पहिल्या ओळखपत्रावर तिचे आणि बाबांचे नाव असे काही चिकटून छापले गेले, की अर्धे नाव वाचून लोक तिला बाबांच्याच नावाने हाक मारीत. बाबांना हे कळले तेव्हा ते केवढे खूश झाले! म्हणाले, “चला, मी नाही तरी माझं नाव अमेरिकेला पोचलं.”

काहींच्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरीच असते. त्यांची गंमत निराळी. अमेरिकेच्या अर्जात त्यांचे एकुलते एक नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफ-एन-यू’ ही तीन अक्षरे लिहावी लागतात. त्यांचा अर्थ, ‘पहिले नाव अज्ञात’. बारशाला गूळखोबरे वाटून ठेवलेले नाव, आणि म्हणे अज्ञात! पण हा केवळ हसण्याचा विषय नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातींनी एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीसाठी येणाऱ्यांना प्रवेश देण्याचे नाकारले आणि पुष्कळांची धावपळ उडाली. पासपोर्टात दुसरीकडे वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा मागाहून झाला. घरातल्या मुलांचे पासपोर्ट अजून काढायचे असतील, तर आडनावाची जागा रिकामी सोडू नका, एवढे यातून शिकावे.

नावाच्या मागोमाग स्पेलिंग येते. आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते, आणि रोमन लिपीत ज्याची त्याची मर्जी चालते. ‘ज्ञ’ आपण डी-एन-वायने लिहितो, हिंदी भाषक जी-वायने. ‘ळ’ला तर तिथे घरच नाही. एकाच वाड्यात थोरला भाऊ आडनावातला ‘वा’ डब्ल्यूने लिहितो आणि धाकटा व्हीने, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. आईच्या पासपोर्टात तिच्या नावातला एक ‘ए’ जास्तीचा पडला आहे. माझा हात तो गाळायला शिवशिवत होता. वीस वर्षे तांबड्या शाईने दुसरे काय केले? बायकोने वेळीच हात धरला. “तुम्ही निबंध तपासत नाही आहात,” ती म्हणाली.

तिचेच खरे होते. पासपोर्टाच्या तळाशी अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्या यंत्राने वाचायच्या असतात. दर ओळीत ४४ खाने. पहिल्या ओळीतले पाच खाने पासपोर्टाचा प्रकार आणि देश यांना जातात. उरलेल्या ३९ खान्यांत तुमचे नाव. रोमनमधली ए ते झेड ही अक्षरे, आकडे आणि मोकळ्या जागी एक कोनासारखी खूण, याखेरीज त्या ओळींत काही नसते. यंत्राला व्याकरण समजत नाही. त्याला एवढेच कळते, की हे अक्षर आणि ते अक्षर एक आहे की नाही. स्पेलिंग चुकलेले वाटत असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. अर्जात शुद्धलेखन सुधारायला जाऊ नये.

त्याच पानावर एक चौकोन असा आहे, की मी मनातून त्याला नमस्कार केला. ‘तुमच्या स्वतःच्या लिपीत संपूर्ण नाव लिहा.’ पुष्कळ लोक शेजारच्या ‘लागू नाही’वर खूण करून मोकळे होतात. मी आईचे नाव देवनागरीत लिहिले. ती पुढे वाकून बघत होती. “अगं बाई! मराठी घेतं?” तिने सुनेला विचारले. त्या सबंध अर्जात तिला वाचता आलेली ती पहिली ओळ.

त्याखाली प्रश्न होता, ‘याखेरीज दुसरे कुठले नाव तुम्ही कधी वापरले आहे काय? लग्नापूर्वीचे, धार्मिक, व्यवसायातले, उर्फ.’ मी तो मोठ्याने मराठीत वाचून दाखवला. आई चटकन म्हणाली, “नाही.” मी ‘नाही’वर खूण केली. पुढचा प्रश्न होता टेलिकोडचा. चिनी नावे तारेने पाठवता यावीत म्हणून त्यांच्या अक्षरांना आकडे दिलेले आहेत, त्यांचा तो प्रश्न. आपला त्याच्याशी संबंध नाही. तिथेही ‘नाही’. दोन ‘नाही’ एका दमात झाले.

जन्मतारखेशी आईने मान खाली घातली. तिची तारीख १ जून. त्या पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मली असावीत असे वाटावे, इतकी ही तारीख आपल्याकडे आढळते. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती. आई खरी श्रावणातली. “मग खोटं लिहायचं का रे?” तिने विचारले. मी म्हटले, “आई, शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट, सगळीकडे तुझी हीच तारीख आहे. कायद्याच्या लेखी तुझा जन्म त्याच दिवशीचा. श्रावणातला वाढदिवस आपण घरी करूच.” एक सावधगिरी मात्र घ्यावी. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. या अर्जात महिना अक्षरांत निवडायचा असल्याने घोटाळा होत नाही. पण इतर कागदांवर नुसत्या आकड्यांनी लिहिलेला आपला १ जून तिकडे ६ जानेवारी होऊन बसतो.

जन्मस्थळाचेही तसेच. आईचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातला. तेव्हा ते मुंबई राज्य होते. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. आमच्या शेजारचे आजोबा फाळणीपूर्वीच्या कराचीत जन्मले. त्यांना वाटते, आपण हिंदुस्थानात जन्मलो. खरेच आहे ते. पण त्या जागेला आज ज्या देशाचे नाव आहे तोच देश निवडा, असे अर्ज सांगतो. इतिहास आपल्या मनात राहू द्यावा.

मग आले आईच्या आईवडिलांचे पान. त्यांच्या जन्मतारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या. पाहतो तर चौकोनाशेजारी ‘माहीत नाही’ असे लिहून खूण करायला जागा ठेवलेली! दुकानदाराची १ जानेवारी मला आठवली. सरळ उत्तराला जागा असताना माणसे खोट्याची खटपट का करतात कोण जाणे.

वैवाहिक स्थितीत ‘विधवा’ लिहिले होते, त्यामुळे पुढे दिवंगत पतीचे पान उघडले. त्यांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. मला सारे ठाऊक होते. पण मी काही लिहिण्याआधीच आईने बाबांचे नाव उच्चारले. सावकाश, एकेक अक्षर सुटे करून. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांना ‘अहो’ म्हणत आली, नाहीतर ‘हे’. नाव घेतले असेल ते मंगळागौरीला आणि डोहाळजेवणात, उखाण्यात गुंफून. उखाण्यावाचून ते नाव तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. टेबलाशी मिनिटभर कुणी बोलले नाही.

सारे भरून झाले, की सर्व उत्तरे पुन्हा एकदा नजरेखालून घालायला समोर येतात. इथे घाई करू नये. मी वाचत गेलो आणि थबकलो. आईच्या वडिलांचे आडनाव एक. आईचे आडनाव दुसरे. आणि ‘दुसरे कुठले नाव कधी वापरले काय?’ याला उत्तर, ‘नाही’!

“आई, तुझी मॅट्रिक कुठल्या नावाने झाली?”

ती काही बोलली नाही. बायकोने पिशवीतून तिचा दाखला काढला. घड्यांवर फाटत आलेला, पिवळा. त्यावर नुसते आडनावच नव्हे, नावही वेगळे होते.

“मग तू नाही का म्हणालीस?”

“तू ‘उर्फ’ म्हणालास ना,” आई म्हणाली. “उर्फ चोरांना असतं. पेपरात येतं, अमुक उर्फ तमुक याला अटक. दोन नावं सांगितली तर म्हणतील ही बाई कोण तरी बनावट आहे. मग माझ्या लेकीकडे मला कोण जाऊ देईल?” मग जरा थांबून म्हणाली, “आणि ते नाव राहिलंय कुठे? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं. जुन्या नावानं हाक मारणारी होती ती माणसंही एकेक करून गेली. शेवटचा माझा दादा, तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.”

वाचकहो, ते नाव मी इथे लिहीत नाही. आईने सांगितले आहे, अंकात छापू नकोस म्हणून.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि समजावले. दुसरे नाव असणे हा दोष नाही. ते विचारल्यावर लपवणे हा दोष. अमेरिकेच्या कायद्यात महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली, तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. अनवधानाने झालेली चूक निराळी. ती अर्ज पाठवण्याआधी दुरुस्त करता येते; पाठवल्यावर लक्षात आली तर नवा अर्ज भरावा, त्याचाच क्रमांक मुलाखतीच्या नोंदीला जोडावा, आणि तिथे विचारले तर सरळ सांगावे. आईसारख्यांचे जुने नाव दाखल्यावर असते, नवे पासपोर्टवर. या दोघी एकच, हे सांगणारी जागा तोच तर प्रश्न होता.

तिला धीर यावा म्हणून मी आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी, माहेरची यमुना. लग्नात आनंदी झाली, १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. तिकडे त्यांचे जोशी हे आडनाव शेवटी दोन ‘ई’ घालून लिहीत. त्यांचे १८८८ साली निघालेले इंग्रजी चरित्र त्याच स्पेलिंगने छापले आहे. परक्यांसाठी व्हिसाची सक्ती अमेरिकेने आणली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, त्यामुळे आनंदीबाईंना असा अर्ज भरावा लागला नाही. भरावा लागता, तर दुसऱ्या नावाच्या चौकोनात त्यांनाही ‘यमुना’ लिहावे लागले असते.

“त्यांनी लिहिलं असतं का?” आईने विचारले.

“लिहिलंच असतं.”

“मग लिही.”

मी मागे जाऊन ‘नाही’चे ‘होय’ केले. दोन चौकोन उघडले. आईने आपले नाव सांगितले, बाबांचे सांगितले होते तसेच, एकेक अक्षर सुटे करून.

अर्ज भरायला कुणी मदत केली काय, असाही एक प्रश्न असतो. तिथे माझे नाव लिहिले. पण मदत कुणाचीही असली तरी शेवटची सही अर्जदाराने स्वतःच करायची असते. म्हणजे पासपोर्टाचा क्रमांक घालून बटण दाबायचे. आईने चष्मा पुसला, दाखला आणि पडदा दोन्ही पुन्हा ताडून पाहिले आणि मगच बोट ठेवले.

मुलाखतीत त्या नावाबद्दल कुणी एक अक्षर विचारले नाही. लेक कुठे असते, किती दिवस राहणार, एवढेच विचारले. व्हिसा मिळाला. जानेवारीत आई न्यू जर्सीत होती, आणि नातीला पहिले न्हाऊ तिच्याच हातचे झाले.

पण त्या रविवारची गोष्ट अजून थोडी राहिली. बटण दाबून झाल्यावर मी संगणक मिटू लागलो, तर आई म्हणाली, “अरे, ते नावाचं पान छापून मिळतं का?”

“मिळतं. कशाला? तिथे नुसती बारकोडची पोचपावती न्यायची असते.”

“तिथे न्यायला नव्हे. मला हवं आहे. माझी दोन्ही नावं एका कागदावर अजून कुठे नाहीत.”

नाक्यावरच्या त्याच दुकानात जाऊन मी ते पान छापून आणले. आईने ते मॅट्रिकच्या दाखल्याच्या घडीत ठेवून दिले.